अडुळशाचे पान आणि आजीचा श्वास

(बी. ए. द्वितीय वर्ष)

'दम' हा शब्द मूळचा फारसी. त्याचा अर्थ श्वास. मराठीने तो घेतला आणि असा मुरवला की आज तो कोणाला परका वाटत नाही. घाई करणाऱ्याला आपण 'जरा दम धर' म्हणतो, चढण चढल्यावर 'दम खातो', आणि एखाद्याच्या बोलण्यात अर्थ नसला तर 'त्यात काही दम नाही' असेही म्हणतो. त्याच शब्दातून 'दमा' आला. ज्या रोगात श्वासच अडतो त्या रोगाचे नावही श्वासावरूनच पडले, याचे मला नवल वाटते.

मी कला शाखेची विद्यार्थिनी आहे. वैद्यक किंवा रसायन हा माझा विषय नव्हे. तरीही दम्यावरच्या वनस्पतींविषयी लिहावे असे वाटले, त्याला एक कारण घडले. ते आधी सांगते, म्हणजे पुढचा अभ्यास कशासाठी केला हे वाचकांच्या ध्यानात येईल.

ती रात्र

माझी आजी घनसावंगी तालुक्यातल्या एका खेड्यात राहते. तिचे निम्मे आयुष्य कापूस वेचण्यात आणि निम्मे चुलीपुढे गेले. घरात गॅसची शेगडी आली आहे, पण भाकरी अजून चुलीवरच होते आणि सरपण म्हणजे पऱ्हाट्या. गेली कित्येक वर्षे आजीला दमा आहे. थंडी पडली, आभाळ भरून आले किंवा मळणी यंत्रातून सोयाबीनचा भुसा उडाला की तिची छाती वाजू लागते. त्यावर घरचा उपाय ठरलेला. परसातल्या कुंपणाला अडुळसा आहे. त्याची पिकत आलेली पाने आणायची, सुंठ आणि गूळ घालून काढा करायचा, आणि कोमट असतानाच द्यायचा. खोकला त्याने हलका होतो, हे मी लहानपणापासून पाहत आले आहे.

गेल्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत मी घरी होते. मळणीचे दिवस होते. रात्री दोनच्या सुमारास आजी उठून बसली. भिंतीला टेकून, दोन्ही हात गुडघ्यांवर रोवून ती श्वास ओढत होती. मी काढा केला. तासाभराने पुन्हा केला. आजी म्हणाली, "काय नाय होत मला. थंडीनं धाप लागायलीय. उजाडू दे." पण हे एवढे वाक्यही तिने तीन तुकड्यांत सांगितले. आम्ही तिसऱ्यांदा काढा दिला आणि उजाडण्याची वाट पाहिली. पहाटे बाबांनी शेजाऱ्यांची जीप आणली, तोवर तिच्या ओठांवर निळसर झाक आली होती.

दवाखान्यात डॉक्टरांनी तिच्या तोंडावर मास्क लावला. त्यातून औषधाची वाफ येत होती. अर्ध्या तासाच्या आत आजी सलग बोलू लागली. रात्री काय दिले, असे डॉक्टरांनी विचारले तेव्हा मी भीतभीतच अडुळशाचे नाव घेतले. ते हसले नाहीत, रागावलेही नाहीत. एवढेच म्हणाले, "अडुळसा वाईट नाही. पण त्याचं काम वेगळं, आणि रात्री दोन वाजता जे काम होतं ते वेगळं."

मास्क काढल्यावर आजीने मला विचारले, "पोरी, त्या वाफंत कोण्या झाडाचा पाला हाय?"

मला उत्तर देता आले नाही. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच. त्यामुळे घरात कोणताही कागद आला की तो माझ्याकडे येतो, आणि कोणताही प्रश्न निघाला की तोही माझ्याकडेच येतो. परत आल्यावर ग्रंथालयातली पुस्तके काढली, विज्ञान शाखेच्या वनस्पतिशास्त्राच्या सरांना भेटले, आणि जे समजले ते येथे मांडत आहे.

श्वासनलिकेत काय घडते?

आपली श्वासनलिका छातीत उतरल्यावर झाडासारखी फांद्या-फांद्यांनी वाटली जाते. शेवटच्या नळ्या अगदी बारीक असतात. या नळ्यांभोवती स्नायूंचे वेढे असतात. हे स्नायू आपल्या इच्छेने हलत नाहीत. हात मिटावा तशी श्वासनलिका आपल्याला मिटता येत नाही आणि उघडताही येत नाही.

आमच्याकडच्या मोसंबीच्या बागेतली ठिबकची नळी डोळ्यांपुढे आणा. झाडाला पाणी कमी पडू लागले तर शेतकरी तीन गोष्टी पाहतो. नळी बाहेरून कशाखाली दाबली गेली आहे काय? ती आतून अरुंद झाली आहे काय? की क्षार आणि गाळ बसून ती तुंबली आहे? दम्यात या तिन्ही गोष्टी एकदम घडतात. बाहेरचे स्नायू आवळतात, आतले अस्तर सुजते, आणि चिकट कफ नळीत अडकतो. श्वास सोडताना या नळ्या मुळातच थोड्या अरुंद होत असतात. म्हणून दमेकऱ्याला श्वास घेण्यापेक्षा सोडणे जड जाते आणि त्या वेळी छातीतून शिटीसारखा आवाज येतो.

आपल्या पूर्वजांनी या रोगाचे निरीक्षण बारकाईने केले होते. चरकसंहितेत श्वासरोगाचे पाच प्रकार सांगितले आहेत : महाश्वास, ऊर्ध्वश्वास, छिन्नश्वास, तमकश्वास आणि क्षुद्रश्वास. यांपैकी तमकश्वासाचे वर्णन वाचताना मला आजीच दिसली. हा रोगी आडवा होऊ शकत नाही, बसल्यावर त्याला बरे वाटते, त्याला उष्ण पदार्थ हवेसे वाटतात, आणि ढगाळ हवा, थंडी व पूर्वेचा वारा यांनी त्याचा त्रास वाढतो, असे तेथे म्हटले आहे.

आता स्नायू आवळतात आणि सैल होतात ते कोणाच्या हुकुमाने? शरीरात दोन विरुद्ध हुकूम चालतात. एका मज्जातंतूकडून 'आवळ' असा निरोप येतो. उलट, शरीरातला ॲड्रेनलिन नावाचा रस 'सैल हो' असे सांगतो. स्नायूच्या पेशीत हा दुसरा निरोप पोहोचवणारे एक द्रव्य असते. त्याला आपण निरोप्या म्हणू. तेव्हा आवळलेली नळी मोकळी करण्याच्या वाटा तीन : आवळण्याचा निरोप अडवणे, सैल होण्याचा निरोप पाठवणे, किंवा पेशीतल्या निरोप्याची संख्या वाढवणे. जगातल्या निरनिराळ्या वनस्पतींनी माणसाला या तिन्ही वाटा दाखवल्या आहेत. पण आरंभ आपल्या कुंपणापासून करू.

कुंपणावरचा अडुळसा

अडुळसा हे कोरांटीच्या कुळातले झुडूप आहे. माणसाच्या उंचीइतके किंवा त्याहून थोडे अधिक वाढते. पाने लांबट, भाल्याच्या पात्यासारखी. फुले पांढरी आणि त्यांच्या खालच्या ओठावर जांभळट रेघा. संस्कृतात त्याला वासा, वासक, आटरूषक अशी नावे आहेत. फुलाचा आकार सिंहाच्या उघड्या जबड्यासारखा दिसतो म्हणून सिंहास्य असेही एक नाव आहे. वनस्पतिशास्त्रात त्याला पूर्वी 'आधाटोडा व्हासिका' म्हणत. आता 'जस्टिशिया आधाटोडा' म्हणतात. यातला आधाटोडा हा शब्द लॅटिन वाटला तरी तो दक्षिणेतला आहे. तमिळमध्ये 'आडु' म्हणजे शेळी, आणि शेळी ज्याला शिवत नाही ते झाड असा त्या नावाचा अर्थ सांगतात. आमच्या गावातही शेळ्या अडुळशाला तोंड लावत नाहीत, म्हणून तर तो कुंपणाला लावतात. जो कडूपणा शेळीला नको असतो, त्याच कडूपणात औषध आहे.

इ. स. १८८८ मध्ये डेव्हिड हूपर या रसायनशास्त्रज्ञाने अडुळशाच्या पानांतून एक अल्कलॉइड वेगळे केले. अल्कलॉइड म्हणजे वनस्पतीत तयार होणारे, बहुधा कडू आणि शरीरावर प्रभाव करणारे द्रव्य. या द्रव्याला वासिसीन हे नाव मिळाले. आपल्या 'वासा' या संस्कृत नावावरूनच ते आले आहे. पुढे कलकत्त्याच्या उष्णकटिबंधीय वैद्यक संस्थेत रामनाथ चोप्रा यांनी देशी औषधींची एकेक करून तपासणी सुरू केली. त्यात अडुळसाही होता. १९२५ साली त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यावरील प्रयोग प्रसिद्ध केले. चोप्रा यांना भारतीय औषधिशास्त्राचे जनक म्हणतात. त्यांची भूमिका मला फार मोलाची वाटते. देशी औषध आहे म्हणून ते थोर, असे त्यांनी मानले नाही. देशी आहे म्हणून टाकाऊ, असेही मानले नाही. वनस्पती घ्यावी, तिच्यातले द्रव्य काढावे, ते मोजावे, आणि मग निवाडा द्यावा, ही त्यांची रीत होती.

या रीतीने अडुळशाविषयी जे हाती आले ते असे. त्याचा मुख्य गुण कफ पातळ करून सुटा करण्याचा आहे. पान वाळवले किंवा साठवले की वासिसीनचा काही भाग हवेतल्या प्राणवायूशी संयोग पावून वासिसिनोन नावाचे दुसरे द्रव्य बनतो. प्रयोगशाळेत प्राण्यांच्या श्वासनलिकेवर ही द्रव्ये लावून पाहिली असता नळी सैल होते असे आढळले. पण सगळ्या प्रयोगांचे निष्कर्ष एकसारखे आलेले नाहीत, आणि माणसाच्या जोराच्या धापेवर काढ्याने तसाच परिणाम होतो हे सिद्ध झालेले नाही.

कफाच्या बाबतीत मात्र अडुळशाने मोठे काम केले. वासिसीनच्या रचनेवरून शास्त्रज्ञांनी ब्रोम्हेक्झीन हे औषध तयार केले. ते १९६३ साली वापरात आले. शरीरात ब्रोम्हेक्झीनपासून जे द्रव्य बनते, त्याचेच पुढे अँब्रोक्सोल हे औषध झाले. आज औषधाच्या दुकानातून खोकल्याची बाटली आणली आणि तिच्यावरची बारीक अक्षरे वाचली, तर ही दोन नावे पुष्कळदा आढळतात. म्हणजे जे औषध आपण शहरातून विकत आणतो, त्याचा पूर्वज आपल्या परसात उभा असतो.

येथेच एक इशारा देणे अवश्य आहे. वासिसीनमुळे गर्भाशयाचे आकुंचन होते. जम्मूच्या प्रादेशिक संशोधन प्रयोगशाळेत या गुणाचा विशेष अभ्यास झाला. ही प्रयोगशाळा पूर्वी चोप्रांच्याच देखरेखीखाली होती. म्हणून गरोदर स्त्रीला अडुळशाचा काढा देऊ नये. 'झाडपाल्याचे औषध, त्याने काय अपाय होणार?' असे आपण सहज म्हणतो. पण ज्यात गुण आहे त्यात अवगुणही असू शकतो. ज्याने काहीच अपाय होत नाही, त्याने बहुधा काही उपायही होत नाही.

चहा, एफेड्रा आणि धोतरा

हूपरने वासिसीन काढले त्याच १८८८ साली जर्मनीत आल्ब्रेख्त कोसेल यांनी चहाच्या पानांतून थिओफिलीन वेगळे केले. स्नायूच्या पेशीतला जो निरोप्या आपण वर पाहिला, तो लवकर नष्ट होऊ न देणे हे थिओफिलीनचे एक काम आहे. त्याने नळी सैल होते. दम्यावर ते अनेक दशके वापरले गेले. पण कपभर चहात ते इतके अल्प असते की चहा पिऊन धाप थांबेल अशी आशा नको. उलट, गोळी म्हणून घेताना मात्रा थोडी वाढली तरी मळमळ आणि छातीत धडधड सुरू होते. उपयोगी मात्रा आणि अपायकारक मात्रा यांत अंतर कमी, ही त्याची अडचण.

चीनमध्ये 'मा हुआंग' नावाची एक झुडुपवजा वनस्पती श्वासविकारांवर प्राचीन काळापासून वापरत. तिचे शास्त्रीय नाव एफेड्रा. आपल्याकडे तिच्या जाती हिमालयात आढळतात. १८८५ साली जपानच्या नागाई नागायोशी यांनी तिच्यातून एफेड्रीन काढले. १९२४ मध्ये पेकिंग येथे चेन आणि श्मिट यांनी दाखवले की एफेड्रीनचा परिणाम ॲड्रेनलिनसारखा आहे. ही दुसरी वाट, म्हणजे 'सैल हो' असा निरोप पाठवण्याची. परंतु एफेड्रीन श्वासनलिकेबरोबर हृदयालाही डिवचते, रक्तदाब वाढवते, झोप उडवते. म्हणून शास्त्रज्ञ असे औषध शोधू लागले की जे मुख्यतः श्वासनलिकेशीच बोलेल. ॲड्रेनलिनच्या रचनेत फेरफार करत ते १९६०च्या दशकात साल्ब्युटामोलपर्यंत पोहोचले. आज दम्याचा झटका आल्यावर जो निळा पंप वापरतात त्यात बहुधा हेच औषध असते. साल्ब्युटामोल कोणत्याही झाडातून काढलेले नाही. आपल्याच शरीरातल्या रसाच्या धर्तीवर ते घडवले आहे.

आणि तिसरा धोतरा. महाशिवरात्रीला महादेवाला आपण धोतऱ्याचे फूल-फळ वाहतो, उकिरड्याच्या कडेला त्याची झाडे पाहतो, आणि मुलांना त्यापासून दूर ठेवतो. दक्षिण भारतात दम्यासाठी धोतऱ्याचा धूर ओढण्याची पद्धत होती. मद्रासमधील इंग्रज डॉक्टरांनी ती पाहिली आणि १८०२ च्या सुमारास तिची माहिती इंग्लंडला पोहोचली. पुढे सबंध एकोणिसाव्या शतकात युरोपात दम्यासाठी धोतऱ्याच्या सिगारेटी विकल्या गेल्या. धोतऱ्यात ॲट्रोपीनच्या वर्गातली द्रव्ये असतात. ती 'आवळ' हा मज्जातंतूचा निरोप मधेच अडवतात. पण तीच द्रव्ये रक्तात अधिक गेली तर तोंड कोरडे पडते, बाहुल्या विस्फारतात, भ्रम होतो, आणि माणूस दगावू शकतो. धोतऱ्याच्या एका बीत किती विष आहे हे बी पाहून कोणालाही सांगता येत नाही. म्हणून धोतरा घरी वापरण्याची वस्तू मुळीच नव्हे.

शास्त्रज्ञांनी येथे एक युक्ती केली. ॲट्रोपीनच्या रचनेत असा बदल केला की श्वासावाटे घेतल्यावर ते द्रव्य नळीत आपले काम करते, पण रक्तात आणि मेंदूत फारसे शिरत नाही. त्याचे नाव इप्राट्रोपियम. जोराच्या झटक्यात पुष्कळदा साल्ब्युटामोलबरोबर हेही वाफेतून देतात. आजीच्या मास्कमध्ये हीच दोन औषधे होती, हे मी तिच्या कागदावर नंतर वाचले.

मैनमूळ : मुंबईत लागलेला शोध

तिसऱ्या वाटेची आणखी एक कथा महाराष्ट्रातच घडली आहे. मैनमूळ नावाची तुळशीच्या कुळातली एक वनस्पती आहे. गुजरातेत तिला गरमर म्हणतात आणि तिच्या मुळांचे लोणचे घालतात. शास्त्रीय ग्रंथांत ती 'कोलियस फोर्स्कोली' या नावाने येते. १९७०च्या दशकात मुंबईच्या मुलुंड येथील हेक्स्ट कंपनीच्या संशोधन केंद्रात भारतीय वनस्पतींची पद्धतशीर चाळणी चालू होती. तेथे भट, डिसूझा आणि त्यांचे सहकारी यांनी या मुळातून फोर्स्कोलिन हे द्रव्य शोधले. लखनौच्या केंद्रीय औषधि संशोधन संस्थेतही त्याच सुमारास या वनस्पतीवर काम होत होते. १९८१ साली अमेरिकेतील सीमन, पॅजेट आणि डेली यांनी दाखवले की फोर्स्कोलिन पेशीतला निरोप्या तयार करणाऱ्या यंत्रणेलाच थेट चालना देते. थिओफिलीन निरोप्याला मरू देत नाही, तर फोर्स्कोलिन नवे निरोपे जन्माला घालते, असे म्हणता येईल.

फोर्स्कोलिनने श्वासनलिका सैल होते. दम्याच्या रोग्यांना ते श्वासावाटे देऊनही पाहण्यात आले. तरीही दम्याचे रोजचे औषध म्हणून ते रूढ झाले नाही. त्याहून सोपी आणि खात्रीची औषधे हाताशी होती. मात्र पेशीत निरोप कसा पोहोचतो, हे शिकण्यासाठी जगभरच्या प्रयोगशाळा आजही फोर्स्कोलिन वापरतात. एखाद्या मुळीत गुण सापडला म्हणजे औषध सापडले असे होत नाही. तिथून पुढची वाट लांब असते, आणि पुष्कळ मुळ्या त्या वाटेवरच राहतात.

मात्रा आणि वेळ

आता त्या रात्रीकडे परत येते. आमचे चुकले कोठे? अडुळसा दिला हे चुकले नाही. अडुळशावर चार तास काढले, हे चुकले.

पहिली गोष्ट मात्रेची. मी मूठभर पाने घेतली होती. त्या मुठीत वासिसीन किती होते? पान कोवळे की जून, ऋतू कोणता, जमीन कशी, वाळवले किती, यांवर ते बदलते. मला ते ठाऊक नव्हते, आजीलाही नव्हते. उलट, साल्ब्युटामोलच्या पंपाच्या एका दाबात १०० मायक्रोग्रॅम औषध असते, म्हणजे एका ग्रॅमचा दहा हजारावा भाग. त्याच औषधाच्या ४ मिलिग्रॅमच्या गोळीत याच्या चाळीसपट औषध असते. पंपाला एवढेसे औषध पुरते, कारण ते जिथे हवे तिथेच जाते. लोक पंपाला 'जालीम औषध' म्हणून भितात आणि गोळी सौम्य समजतात. हिशेब केला तर उलटे निघते.

दुसरी गोष्ट वेळेची. काढा पोटात जाणार, तेथून रक्तात, आणि रक्तातून छातीत. पंपाचे औषध पाच-सात मिनिटांत परिणाम दाखवू लागते. ज्याला दोन शब्द बोलायला तीन श्वास लागतात, त्याच्याजवळ काढा मुरेपर्यंत थांबायला वेळ नसतो.

तिसरी गोष्ट सवयीची. "पंपाची सवय लागते," असे आमच्या गावात सर्रास म्हणतात. आजीही याच भीतीने पंप घेत नव्हती. पण चष्म्याची सवय लागते म्हणून कोणी आंधळेपणा पत्करत नाही. निळा पंप वारंवार लागू लागला तर ती व्यसनाची खूण नसते. आतली सूज आटोक्यात नसल्याची खूण असते. त्या सुजेसाठी स्टिरॉइडचा वेगळा पंप असतो. तो डॉक्टरांच्या सल्ल्याने नेमाने घ्यायचा आणि घेतल्यावर चूळ भरायची. केवळ झटक्यापुरत्या निळ्या पंपावर विसंबू नये, असे दम्याविषयीच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शनात २०१९ पासून स्पष्ट सांगितले आहे. शिवाय चुलीच्या धुराने होणारा दीर्घ श्वसनरोग हा दम्यासारखाच दिसतो, पण वेगळा असतो. यंत्रात फुंकर मारून केलेल्या तपासणीने तो ओळखण्यास मदत होते. आयुष्यभर चुलीपुढे बसलेल्या बायकांची ही तपासणी अवश्य व्हावी.

आपल्याकडे दम्यावर आणखीही उपाय चालतात. कोजागिरीच्या रात्री कितीतरी ठिकाणी खिरीतून औषध देतात. मृग निघाला की हैदराबादला जिवंत माशाच्या तोंडातून औषध घेण्यासाठी लांबलांबून लोक जातात, आपल्या मराठवाड्यातूनही जातात. लोकांच्या श्रद्धेची मी थट्टा करणार नाही. ज्याचा श्वास अडतो तो कोणत्याही दारी जातो. पण ज्या औषधाचे घटक गुप्त ठेवले जातात, ते मोजता येत नाही आणि तपासताही येत नाही. 'शुद्ध आयुर्वेदिक' म्हणून विकलेल्या काही पुड्यांत स्टिरॉइड मिसळलेले तपासणीत आढळले आहे. अशा पुडीने चार दिवस बरे वाटते आणि पुढे हाडे, साखर, रक्तदाब या सर्वांची हानी होते. त्यापेक्षा आपला अडुळसा कितीतरी प्रामाणिक. त्याचे नाव उघड आहे, आणि त्याचे द्रव्य १८८८ पासून शास्त्राला ठाऊक आहे.

म्हणून माझे वाचकांना एवढेच सांगणे आहे. साध्या खोकल्याला अडुळसा जरूर घ्यावा. गरोदर स्त्रीने घेऊ नये. घरात दमेकरी असेल तर डॉक्टरांनी दिलेला पंप हाताशी असावा आणि तो कसा ओढायचा हे घरातल्या एकाला तरी नीट यावे. रोग्याला एक वाक्य सलग बोलता येत नसेल, बरगड्यांमधली कातडी आत ओढली जात असेल, ओठ निळसर दिसत असतील, तर उजाडण्याची वाट पाहू नये. १०८ क्रमांकाला फोन करावा किंवा मिळेल त्या वाहनाने निघावे. छाती वाजायची अचानक थांबली आणि माणूस मात्र थकत चालला, तर ते बरे वाटणे नव्हे; नळीतून हवाच जात नाही, असा त्याचा अर्थ असू शकतो.

आजीचे उत्तर

हा अभ्यास झाल्यावर मी संक्रांतीला गावी गेले आणि आजीला तिच्या प्रश्नाचे उत्तर दिले. म्हटले, "आजी, त्या वाफेत दोन औषधं होती. एक कोण्या झाडाचं नाही, आपल्याच अंगात जो रस असतो त्याच्यासारखं केलेलं. आणि दुसरं धोतऱ्याच्या घराण्यातलं."

"महादेवाच्या धोतऱ्याचं?"

"त्याचंच. पण त्याचं विष आवरून, मोजून केलेलं."

आजी बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "म्हंजी झाड तेच हाय. मोजणारं कुणी नव्हतं."

एवढ्या पानांत मी जे सांगितले ते तिने एका वाक्यात सांगितले.

आता आजीचा पंप देवळीत, निरांजनाच्या शेजारी असतो. मळणीच्या दिवसांत ती तोंडाला पदर बांधते. भाकरी अजून चुलीवरच होते; त्यावर आमचा वाद चालू आहे. परसातला अडुळसाही जागच्या जागी आहे. खोकला झाला की त्याची पाने अजून तोडतो. पण रात्री धाप लागली तर आधी पंप, मग जीप, आणि अडुळसा परत आल्यावर, हे आमच्या घरात आता ठरले आहे.